अटेंडरआत्याचं जंतुशास्त्र

अटेंडरआत्याला विद्यापीठातले सगळे विषय पायांनी पाठ होते. कुठल्या विषयाला किती पायऱ्या चढाव्या लागतात, कुठल्या विषयाचं पाणी गार आहे, कुठल्या विषयाच्या सरांकडे एका सहीसाठी तीनदा जावं लागतं, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. "फिजिक्स गुडघ्याला वाईट," ती म्हणायची. "दोन जिने चढून जा, अन् वर सर जाग्यावर नसतेत." आमच्या घरात विषयांबद्दल इतकं ठामपणे बोलणारं दुसरं कुणीही नव्हतं.

ती पप्पांची चुलत बहीण, भोकरजवळच्या आमच्या गावची. लग्न होऊन हैदराबादला आली, नवरा लवकर गेला आणि त्याच्या जागी ती तारनाक्याच्या विद्यापीठात अटेंडर म्हणून लागली. शिपाई हा शब्द इथं कुणी वापरत नाही. शिक्षण मराठी सातवी. काम सर्क्युलर फिरवायचं. वर्ग चालू असला तरी दारात जाऊन उभं राहायचं, सरांनी सर्क्युलर वाचून सही केली की कागद घेऊन पुढच्या वर्गाच्या दारात. असं तिनं तीस वर्षं केलं. आता ती नांदेडला मुलाकडे असते आणि तिथल्या जिन्यांना नावं ठेवते.

तेलुगू अक्षरं ती शाळेत शिकली नव्हती, दारांवरच्या पाट्या वाचून शिकली. त्यामुळे तिच्या तोंडात विषयांची नावं पाटीवरचीच असायची. इतिहासाला तेलुगूत चरित्र म्हणतात, म्हणून तीही चरित्रच म्हणायची. एकदा तिनं मम्मीला सांगितलं, "आज चरित्राच्या सरांनी मला चहा पाजला." मम्मी म्हणाली, "कुणाच्या चरित्राच्या?" "सगळ्यांच्याच," आत्या म्हणाली आणि पोळीचा पुढचा घास घेतला. बाकी बोलणं नांदेडचं, मध्येमध्ये दखनी, आणि रागावली की थेट तेलुगू. तिच्या 'परवा'लाही काही धरबंध नव्हता. परवा म्हणजे दोन दिवसांपूर्वी असेल किंवा मी जन्मले त्या वर्षी असेल, आपण अंदाजानं समजून घ्यायचं.

मी तिच्या तावडीत सापडले ती इंटर, म्हणजे बारावी, झाल्यावर. बायपीसी, म्हणजे बायॉलॉजीवाली मी. दोन वर्षं काचीगुड्याहून बस पकडून दिलसुखनगरला मेडिकलच्या कोचिंगला गेले आणि शेवटी असा रँक आणला की पप्पांनी तो ऑफिसात कुणाला सांगितला नाही. मला म्हणाले, "जाऊ दे, डिग्रीला बघू." त्यांचं ते 'जाऊ दे' मला रागावण्यापेक्षा जास्त लागलं. त्यानंतर ते माझ्याशी जेवणाशिवाय कशाबद्दल फारसं बोलत नव्हते. रागानं नाही, त्यांना काय बोलावं तेच कळत नव्हतं.

डिग्रीचं प्रकरण तर त्याहून अवघड निघालं. विषय एकेकटे घ्यायचे नाहीत, तिघांची मोट बांधून घ्यायचे, आणि त्या मोटेला अक्षरं. बीझेडसी, एमबीसी, एचईपी. मी त्याची यादी छापून आणली तर अकरा पानं झाली. पप्पा म्हणाले बी.कॉम. कॉम्प्युटर्स, कारण त्यांच्या ऑफिसात तेच करून आलेला मुलगा त्यांच्यापेक्षा वर बसतो. मम्मी म्हणाली नर्सिंग. मैत्रीण म्हणाली बायोटेक, कारण ती घेत होती. कोचिंगचे सर म्हणाले आणखी एक वर्ष बस. मला सकाळी न्यूट्रिशन आवडायचं, दुपारी सायकॉलॉजी, चहाच्या वेळी काहीच नाही. कुणी काही विचारलं की मी "हौ" म्हणायचे. 'हौ' म्हटलं की माणूस पुढं विचारत नाही, हे मला फार लवकर कळलं होतं.

एका रविवारी आत्या घरी आली तेव्हा मी ती अकरा पानं पसरून बसले होते.

"काय करायलीस?"

"विषय निवडतेय."

"बसल्या जाग्यावर?" तिला खरंच आश्चर्य वाटलं. "भाजी तरी आपण बसल्या जाग्यावर निवडतो का गं? आधी बाजारात जातो ना? उद्या सकाळी तारनाक्याला ये. अन् ती सँडल नक्को, बूट घालून ये."

पुढचे चार दिवस मी तिच्यामागे विद्यापीठभर चालले. तिच्या हातात सर्क्युलर, माझ्या हातात पाण्याची बाटली. विषय ओळखायची तिची पद्धत एकच होती. "पाटी वाचू नको. पिरियड सुटला की बाहेर पडणारी पोरं बघ." आणि आम्ही जिन्याजवळ उभं राहून बघायचो. इकॉनॉमिक्सची मुलं भांडत बाहेर पडली. आत्या म्हणाली, "हे बरं आहे, आत काहीतरी कानावर पडलेलं दिसतंय." कॉमर्सची मुलं पिरियड सुटायच्या आधीच बाहेर होती. सायकॉलॉजीतून एक मुलगी डोळे पुसत आली, पण जिना उतरेपर्यंत हसायला लागली. स्टॅटिस्टिक्सच्या वर्गातून एकच जण बाहेर आला. "हा कसा आहे?" मी विचारलं. "ते सर हायेत," आत्या म्हणाली.

सेकंड लँग्वेजवरून तर आमचं भांडणच झालं. इथं सगळी मुलं संस्कृत घेतात. संस्कृत येतं म्हणून नाही, मार्क येतात म्हणून. उत्तरं इंग्रजी अक्षरांत लिहिली तरी चालतात. मीही तेच घेणार होते. आत्या म्हणाली, "ज्या भाषेत तुला भांडता येत नाही ती घेऊन काय करतीस? मराठी घे की." मी म्हटलं, "मराठीत मला भांडता येतं, वाचता कुठं येतं?" "मग शिकशील," ती म्हणाली. आणि मी मराठी घेतली. जोडाक्षरांपाशी मी अजूनही अडखळते, पण हे लिहितेय ती त्याच भांडणाची कृपा.

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही जुन्या दगडी इमारतीच्या तळमजल्यावर गेलो. तिथं झूलॉजी. मी आत जायला तयार नव्हते, कारण कोचिंगमध्ये ह्याच विषयाच्या हजारो प्रश्नांनी माझा जीव घेतला होता. आत्यानं कमरेला खोचलेली कागदाची पुडी काढली आणि म्हणाली, "मला एक डिलिव्हरी आहे. दोन मिनटं." आत एक एम.एस्सी.ची मुलगी काळा कागद अंथरून बसली होती. आत्यानं पुडी तिच्यापुढं उलटी केली. त्यातून राखाडी रंगाच्या अंगठ्याएवढ्या गोळ्या पडल्या.

त्या इमारतीच्या माळ्यावर घुबडं राहतात. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेले केस आणि हाडं गोळा करून तोंडातून बाहेर टाकतं. इतरांना ती घाण. आत्या मात्र सकाळी झाडू लागायच्या आधी जाऊन त्या गोळ्या वेचायची आणि ह्या मुलीला आणून द्यायची. मुलीनं मला एक चिमटा दिला आणि एक गोळी पुढं सरकवली. मी ती हळूहळू सोडवली. केसांतून एक जबडा निघाला, नखाएवढा, सगळे दात जागच्या जागी. मग फासळ्या. मग दुसरा जबडा, वेगळाच. "हा चिचुंद्रीचा," ती मुलगी म्हणाली. मला आधी घाण वाटली, मग नाही वाटली, मग काय वाटलं ते सांगता येत नाही. एका घुबडानं एका रात्रीत काय काय खाल्लं ते मी काळ्या कागदावर ओळीनं मांडत होते आणि कुणी मला कुठला पर्याय बरोबर असं विचारत नव्हतं.

आत्या दोन सर्क्युलरं फिरवून परत आली. "तीन तास झाले," ती म्हणाली. "पाणी नाही मागितलंस, फोन नाही काढलास. जंतुशास्त्र. हेच तुझं."

जंतुशास्त्र. पाटीवर तसंच लिहिलं होतं. तेलुगूत जंतू म्हणजे प्राणी. मला ते ठाऊक होतं, आत्याला ठाऊक होतं, त्यामुळे आमच्या दोघींत काही घोळ नव्हता. घोळ घरी गेल्यावर झाला.

पप्पांना सांगायची माझी हिंमत नव्हती. रँकच्या वेळी त्यांचं तोंड मी पाहिलं होतं, आता त्यांच्यापुढं घुबडाच्या उलटीचं काय घेऊन उभी राहू? मी आत्याला म्हटलं, तूच सांग. तिनं एका शब्दानं आढेवेढे घेतले नाहीत. रविवारी आली, खुर्चीवर बसली आणि चहा यायच्या आत पप्पांना सांगून टाकलं, "अरे उत्तम, लेकराला जंतुशास्त्र आवडलंय. तेच घेऊ दे."

"जंतुशास्त्र?" पप्पांनी चष्मा काढला. त्यांची शाळा गावाकडची, मराठी. त्यांच्या पुस्तकात जंतू म्हणजे हगवणीचे, क्षयाचे. "म्हणजे बॅक्टेरिया, व्हायरस, ते?"

आत्याला इंग्रजी येत नाही, पण ते कबूल करायची सवयही नाही. "हौ हौ, सगळं असतंय त्यात."

"अक्का, मग हे तर फारच चांगलं आहे!" पप्पा उठून उभेच राहिले. "मायक्रोबायोलॉजी! इकडं औषधाच्या कंपन्या किती, लशीच्या कंपन्या किती. मला सुचलंच नाही बघ." मग ते माझ्याकडे वळले. मी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. "पोरी, हे तू स्वतः शोधलंस?"

मला त्याच क्षणी कळलं होतं. मी एक वाक्य बोलले असते तर सगळं तिथंच निस्तरलं असतं. पण रिझल्टनंतर पहिल्यांदाच पप्पा माझ्याकडे असे बघत होते. ते बघणं मला सोडवेना. मी म्हटलं, "हौ."

त्याच संध्याकाळी आम्ही नेट सेंटरवर गेलो. पप्पांनी स्वतः ओटीपी वाचून दाखवला, स्वतः पहिल्या ऑप्शनला मायक्रोबायोलॉजी टाकायला लावलं आणि स्क्रीनवरचं नाव दोनदा मोठ्यानं वाचलं. पहिल्या फेरीतच सीट लागली, तीही त्याच विद्यापीठात. पप्पांनी ऑफिसात पेढे वाटले. आत्याकडेही नेऊन दिले. "मायक्रोबायोलॉजी लागली, अक्का!" आत्याला वाटलं, जंतुशास्त्राचं इंग्रजी असं असेल. तिनं दोन पेढे खाल्ले.

सर्टिफिकेटं जमा करायला मी गेले तेव्हा ती माझ्याबरोबर होती. खिडकीवरच्या माणसानं आम्हाला वरच्या मजल्यावर पाठवलं. आत्या जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबली आणि समोरच्या दारावरची पाटी अक्षर अक्षर लावून वाचली. सूक्ष्मजीवशास्त्रम्.

"हे नव्हे," ती म्हणाली. "चुकीच्या मजल्यावर धाडलं त्या येड्यानं. जंतुशास्त्र खाली हाय, घुबडांपाशी. थांब, मी त्याला..."

"आत्या, राहू दे. बरोबर पाठवलंय."

तिनं पुन्हा पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग हळूहळू तिच्या लक्षात आलं. "उत्तमला दुसरंच कळलं त्या दिवशी?"

"हौ."

"अन् तुला कळलं होतं?"

"हौ."

"अन् तू गप बसलीस. कामून?"

मला रडू फुटलं. दुसऱ्या फेरीत ऑप्शन बदलता येत होते, चार दिवस होते. मी म्हटलं, तू येऊन सांग ना, माझी चूक झाली म्हणून सांग, तुझ्यावर पप्पा रागावणार नाहीत. आत्यानं पदर खोचला. "येते की. चूक माझीच हाय," असं म्हणून जिना उतरायलाही लागली. मधल्या वळणावर थांबली.

"नाही," ती म्हणाली. "मी नाही येत. मी सांगितलं म्हणून तर हे झालं. सर्क्युलर मी नेते ना, त्यात काय लिहिलंय त्याच्याशी मला काय करायचं नसतंय, म्हणून नेते. हे तसलं नाही. हे तुझं तू बोल."

मला तिचा इतका राग आला की आजही आठवलं तरी अंग तापतं, आता स्वतःवर. मी तिला म्हटलं, "तुझं काय जातंय? तुला कुठं शिकायचंय?"

तिच्या हातात एक सर्क्युलर होतं, ते तिनं दुसऱ्या हातात घेतलं आणि कॉमर्सच्या दिशेनं निघून गेली.

तीन दिवस मी बोलले नाही, ना तिच्याशी ना पप्पांशी. रोज ठरवायचे, आज सांगू. मग मनात यायचं, मायक्रोबायोलॉजी काय वाईट आहे? खरंच काय वाईट आहे? नोकरी आहे, पप्पा खूश आहेत. आणि घुबडांचं मला खरंच वेड लागलं आहे की चार दिवस उन्हात फिरून डोकं फिरलं आहे? माझं मलाच कळेना. चौथ्या दिवशी सकाळी पप्पा ऑफिसला निघताना बुटाची नाडी बांधायला वाकले. त्यांचं तोंड दिसत नव्हतं म्हणून मला बोलता आलं.

"पप्पा, जंतुशास्त्र म्हणजे मायक्रोबायोलॉजी नाही. तेलुगूत जंतू म्हणजे प्राणी. मला झूलॉजी आवडलं होतं. मला त्या दिवशीच कळलं होतं, पण तुम्ही हो म्हणालात, खूश झालात, म्हणून मी बोलले नाही."

पप्पा नाडी बांधत राहिले. एक झाली, दुसरी झाली. मग तसेच खाली बसून म्हणाले, "अगं, मी काय जंतूंना हो म्हटलं होतं का? तुला म्हटलं होतं."

ऑफिसला उशिरा येतो म्हणून त्यांनी फोन केला आणि आम्ही परत नेट सेंटरवर गेलो. वाटेत मी त्यांना माळ्यावरच्या घुबडांचं सगळं सांगितलं. त्यांनी एकदाच विचारलं, "पण ह्या घुबडाच्या गोळ्यांचं पुढं काय करतात?" मी म्हटलं, माहीत नाही. ते मला अजूनही नीट माहीत नाही. मायक्रोबायोलॉजीच्या मैत्रिणींना आता कंपन्यांमधून फोन येतात, आणि मी कधीकधी विचार करते की बरोबर केलं का. पक्कं उत्तर येत नाही. चिमटा हातात असला की प्रश्नच पडत नाही, एवढंच खात्रीनं सांगू शकते.

आत्याला कळलं तेव्हा ती फक्त म्हणाली, "बरं झालं, खालच्या मजल्यावर हाय. जिने नाहीत." जिन्यावर मी तिला बोलले ते जणू तिनं ऐकलंच नव्हतं. मला माफी मागायची होती. पण ती भेटली की डबा खाल्लास का विचारायची, आणि माफी मागायला जागाच राहायची नाही. तीन वर्षं मी तो शब्द गिळून तिच्याबरोबर डबा खाल्ला.

माझ्या शेवटच्या सेमिस्टरला ती रिटायर झाली. आधीच्या आठवड्यात आम्ही दगडी पायऱ्यांवर बसलो होतो. न राहवून मी विचारलं, "आत्या, तुला मिळालं असतं तर तू कुठला विषय घेतला असतास?"

"मी?" तिनं मागं वळून पाहिलं, जणू मी दुसऱ्याच कुणाला विचारलं होतं. मग हातातला पोळीचा तुकडा परत डब्यात ठेवला. "काय की गं," ती म्हणाली. "हे मला कुणी विचारलंच नाही कधी. एकदम कसं सांगू?" त्या आठवड्यात तिची अवस्था माझ्या अकरा पानांसारखी झाली. सोमवारी म्हणाली वृक्षशास्त्र, म्हणजे बॉटनी. बुधवारी म्हणाली, नक्को, त्यात नावं फार. गुरुवारी मला फोन करून विचारलं की ते सायकॉलॉजी मराठीत असतं का.

शेवटच्या दिवशी दुपारी तिला शाल घातली, नारळ दिला, फोटो काढले. ती नारळाची पिशवी घेऊन थेट आमच्या लॅबच्या दारात आली. "चल," म्हणाली. "चरित्राचा पिरियड हाय आता. एकटीला लाज वाटते."

आम्ही गेलो तेव्हा वर्ग सुरू झाला होता. सर बोलता बोलता थांबले आणि सवयीनं हात पुढं केला. "क्या लाए अम्मा, सर्क्युलर?"

"कुच नै लाई सर," आत्या म्हणाली. "बैठने कू आई."

सरांनी हात मागे घेतला आणि पहिल्या बाकाकडे दाखवलं. आत्या शेवटच्या बाकावर जाऊन बसली, नारळाची पिशवी मांडीवर घेऊन. मी तिच्या शेजारी. सर जुन्या तलावांबद्दल बोलत होते, दख्खनमध्ये गावोगावी तलाव कुणी खोदले, त्यांचं पाणी कसं वाटून घ्यायचे. सगळं इंग्रजीत. आत्या एकदाही हलली नाही. सर फळ्याकडे गेले की ती फळ्याकडे बघायची, सर खिडकीकडे गेले की खिडकीकडे. कुणीतरी हसलं तेव्हा तीही जरा उशिरानं हसली.

पिरियड संपला. मुलं बाहेर पडली, काही भांडत, काही फोन बघत. आम्ही सगळ्यांच्या शेवटी उठलो. व्हरांड्यात आल्यावर मी तिचा हात धरला आणि तीन वर्षं राहिलेली माफी मागायला तोंड उघडलं. पण आत्याचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. मग मी दुसरंच विचारलं, "कळलं का काही?"

"काही कळलं नाही बघ," अटेंडरआत्या म्हणाली. "पण मधूनच निघावं लागलं नाही."